विंडोज ११वरील व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी : कासवगती आणि न दिसणारे लॉक

अक्षरजुळारी (प्रश्न) :

नमस्कार. आमचे अक्षरजुळणीचे लहानसे कार्यालय आहे. २००२ ते २०१३ या काळात जुळवलेली पुस्तके, स्मरणिका आणि दिवाळी अंक पेजमेकर ७ या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत आहेत व त्यांतील सगळा मजकूर युनिकोडपूर्व (अक्षरांची सगळीकडे चालणारी सामाईक संकेतपद्धती रुळण्याआधीच्या) काळातील मराठी फाँटांत आहे. ते फाँट आणि त्यांचा कळफलक चालवणारे सॉफ्टवेअर आमच्याकडे विंडोज एक्सपीवरच चालत आले, आणि ते सुरू होण्यासाठी संगणकाला यूएसबी डोंगल, म्हणजे आमच्या धंद्यातल्या भाषेत ‘लॉक’, लावलेले असावे लागते. ज्या संगणकावर हे सारे होते त्याचा मदरबोर्ड जूनमध्ये जळाला. हार्ड डिस्क सुदैवाने शाबूत आहे.

नवा संगणक इंटेल आय-५ प्रोसेसरचा असून त्यात १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी आणि विंडोज ११ प्रो आहे. त्यावर व्हर्च्युअलबॉक्सची (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) ७.० ही आवृत्ती घालून, मूळ सीडीवरून एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३ स्थापित केला. स्थापना पुरी व्हायला चार तास लागले. आता एक्सपी सुरू होते, पण इतके संथ की नोटपॅडमध्ये कळ दाबल्यावर अक्षर दोन सेकंदांनी उमटते आणि खिडकी सरकवली की तिच्या सावल्या पडद्यावर मागे राहतात. बायोसमधील (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीतील) व्हर्च्युअलायझेशनची सोय सुरू असल्याचे संगणक जोडून देणाऱ्याने दाखवले. टास्क मॅनेजरमध्येही ‘व्हर्च्युअलायझेशन : एनेबल्ड’ असेच दिसते. वेग वाढावा म्हणून मी एक्सपीला ८ जीबी रॅम आणि चार प्रोसेसर दिले, तर ते आणखीच अडखळू लागले.

दुसरी अडचण लॉकची. ते लावल्यावर त्यातला दिवा लागतो, विंडोज ११ला ते दिसते, एक्सपीला मात्र दिसत नाही. यूएसबीच्या विभागात जे सर्वांत नवे ते उत्तम असे समजून मी ३.० हा कंट्रोलर निवडला आहे.

तिसरी गोष्ट फाइलींच्या ने-आणीची. विंडोज ११मध्ये एसएमबी १ हा नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याचा जुना प्रोटोकॉल सुरू केला तर दोन्ही विंडोज एकमेकांना दिसतील, असे एका परिचितांनी सुचवले. तसे करावे का? दिवाळी अंकाचे काम तोंडावर आहे आणि जुन्या अंकांतील काही लेख पुन्हा छापायचे आहेत, त्यामुळे जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


यंत्रविहारी :

पहिल्या अडचणीबद्दल लिहितो, कारण ती सुटल्याशिवाय बाकीच्यांची परीक्षाच घेता येणार नाही.

एक्सपी चालू असताना व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात बारीक चिन्हांची एक ओळ असते. तिथे एका चौकोनात ‘व्ही’ हे अक्षर आहे की हिरवे कासव आहे, ते पाहा. तुमच्या वर्णनावरून तिथे कासव असणार. ही कोणाची थट्टा नसून प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय आपल्याला थेट मिळालेली नाही, हे सांगण्याची व्हर्च्युअलबॉक्सची रीत आहे. लॉग (व्हर्च्युअलबॉक्सची कामाची नोंदवही) उघडलात तर त्यात हीच गोष्ट ‘स्नेल एक्झिक्युशन मोड’ या नावाने नोंदलेली सापडेल. चिन्ह काढणाऱ्याला कासव सुचले आणि लॉग लिहिणाऱ्याला गोगलगाय, एवढाच काय तो फरक.

टास्क मॅनेजर खोटे बोलत नाही. ‘एनेबल्ड’ म्हणजे ती सोय प्रोसेसरमध्ये आहे आणि बायोसने ती उघडी ठेवली आहे. ती आत्ता कोणाच्या ताब्यात आहे, हे त्या ओळीवरून कळत नाही. तुमच्या संगणकावर ती मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या हायपरव्हायजरने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मूळ थराने), म्हणजे हायपर-व्हीने, व्हर्च्युअलबॉक्स सुरू होण्यापूर्वीच घेतलेली आहे. तुम्ही हायपर-व्ही कधी मागितलेही नसेल, पण विंडोज ११मधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचे संरक्षण त्याच्याच आधाराने चालते आणि नव्या संगणकांवर ते बहुधा सुरू असलेलेच येते. पूर्वी अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्स सरळ चूक दाखवून थांबत असे. डिसेंबर २०१८मध्ये आलेल्या ६.० या आवृत्तीपासून ते थांबण्याऐवजी हायपर-व्हीच्या मार्फत काम चालवून घेते. ही सोय म्हणून केली गेली खरी, परंतु माझ्या मते त्यामुळे दोष लपला. यंत्र बंद पडले असते तर तुम्ही पहिल्याच दिवशी कारण शोधले असते, चालू राहिल्यामुळे रॅम वाढवत बसलात.

आता उपाय. त्याआधी एक काम न चुकता करा. डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरील सगळे कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) सुरू आहे का ते पाहा आणि असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, कारण बूट होण्याच्या मांडणीत बदल केल्यावर काही वेळा विंडोज ती ४८ अंकी की मागते आणि ती हाताशी नसेल तर नव्या संगणकातील सगळेच अडकून पडते. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीच्या डिव्हाइस सिक्युरिटी विभागात कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी बंद करा. मग कंट्रोल पॅनेलमधील ‘विंडोज फीचर्स’च्या यादीतून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म आणि विंडोज सँडबॉक्स या चारही खुणा काढा व संगणक पुन्हा सुरू करा. एवढे करूनही कासव हटले नाही, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिट या बूटची मांडणी बदलणाऱ्या आज्ञेच्या साहाय्याने ‘हायपरव्हायजर लाँच टाइप’चे मूल्य ‘ऑफ’ करावे लागेल. बदल लागू झाला की नाही याची खात्री ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये होते. त्याच्या पहिल्या पानाच्या शेवटी ‘अ हायपरव्हायजर हॅज बीन डिटेक्टेड’ असे वाक्य अजून दिसत असेल, तर हायपर-व्ही जागचे हललेले नाही असे समजावे.

याची किंमतही सांगून ठेवतो. डब्ल्यूएसएल २ आणि डॉकर डेस्कटॉप ही प्रोग्रामरांची साधने या बदलानंतर चालणार नाहीत. तुम्हाला त्यांची गरज नसावी. मेमरी इंटिग्रिटी बंद केल्याने विंडोज ११चे एक संरक्षण मात्र खरोखरच कमी होते, म्हणून त्या संगणकावर कुठूनही उतरवलेली ड्रायव्हर-सॉफ्टवेअरे चढवू नका.

एक्सपीला दिलेली रॅम १ जीबीवर आणा आणि प्रोसेसर एकच ठेवा. ३२ बिटांचे एक्सपी ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही, तेव्हा ८ जीबी देऊन तुम्ही मूळ संगणकाची निम्मी रॅम निष्कारण अडवून ठेवली आहे.

पुढे कोणी हा धागा वाचणार असेल तर त्यांच्यासाठी : व्हर्च्युअल मशीन मुळीच सुरू होत नसेल आणि संदेशात व्हीएमएक्स किंवा एसव्हीएम ‘डिसेबल्ड’ असे शब्द असतील, तर दोष वेगळा आहे आणि तो बायोसमध्ये आहे. इंटेलच्या बोर्डावर त्या सोयीचे नाव ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ असते, एएमडीच्या बोर्डावर बहुधा ‘एसव्हीएम मोड’.


कोकणकडा :

लॉकबद्दल. सर्वांत नवे ते उत्तम हा हिशेब येथे उलटा पडतो. यूएसबी ३.०चा ड्रायव्हर एक्सपीमध्ये नाहीच, त्यामुळे तुम्ही ३.० निवडल्यावर आतल्या विंडोजच्या दृष्टीने यूएसबीचे भोकच नाहीसे झाले. व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करा (‘सेव्ह स्टेट’ करून ठेवलेले असेल तर कंट्रोलर बदलता येत नाही) आणि २.० निवडा. तरीही लॉक धरले गेले नाही तर १.१ करून पाहा. अशी जुनी लॉके अगदी थोडीशी माहिती देतात-घेतात, त्यांना वेगाची गरज नसते.

त्यानंतर त्याच पानावर अधिकचे चिन्ह असलेल्या बटणाने फिल्टर (कोणते उपकरण आतल्या विंडोजला द्यायचे ते सांगणारा नियम) जोडा, पण तो समोर आलेल्या यादीतील लॉकच्या नावावरूनच तयार करा. त्याच्या शेजारी रिकामा फिल्टर जोडणारे बटण आहे, त्याला हात लावू नका. रिकाम्या फिल्टरला कोणतेही उपकरण चालते, त्यामुळे तुमचा कळफलक आणि माऊससुद्धा आतल्या विंडोजकडे जाण्याची शक्यता असते आणि मग बाहेर काहीच करता येत नाही. माझ्या बाबतीत हे घडले आहे. शेवटी कपाटातून जुना पीएस-२ कळफलक काढून संगणक बंद करावा लागला.

लॉकचा ड्रायव्हर एक्सपीच्या आत चढवायचा असतो, बाहेरच्या विंडोज ११मध्ये नव्हे. सॉफ्टवेअरच्या सीडीवर तो निराळ्या फोल्डरमध्ये असेल. शक्यतो आधी ड्रायव्हर चढवावा आणि मग लॉक लावावे. सगळे जुळले की विंडोज ११च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॉकच्या जागी ‘व्हर्च्युअलबॉक्स यूएसबी’ असे नाव दिसते. ते दिसले म्हणजे उपकरण बाहेरून सुटून आत गेले.

व्यवसायासाठी वापरणार आहात म्हणून आणखी एक सांगतो. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ संच मुक्त परवान्याखाली आहे, परंतु एक्स्टेन्शन पॅक (वाढीव सोयींचा जोडसंच) खासगी, शैक्षणिक किंवा चाचणीच्या वापरापुरताच फुकट असतो. पूर्वी यूएसबी २.०साठी तो घ्यावा लागे. ७.० आवृत्तीपासून २.० आणि ३.० हे दोन्ही कंट्रोलर मूळ संचातच आले आहेत, तेव्हा या कामासाठी तुम्हाला एक्स्टेन्शन पॅकची जरुरी नाही.

ज्यांच्याकडे याहून जुने, प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टला लावायचे लॉक आहे, त्यांना मात्र हा मार्ग उपयोगी नाही. बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल केवळ प्रिंटरसाठी असते. लॉक ज्या पद्धतीने पोर्टशी थेट बोलते ती पद्धत त्या केबलला ठाऊक नसते.

एसएमबी १ सुरू करू नका. मे २०१७मध्ये फाइली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा विषाणू पसरला तो याच प्रोटोकॉलच्या दोषातून, आणि मायक्रोसॉफ्टला तेव्हा बंद केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा तातडीची दुरुस्ती काढावी लागली होती. एक्सपीला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपलेला आहे. त्यामुळे या व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क कार्डच बंद ठेवा. फाइलींसाठी ‘गेस्ट ॲडिशन्स’ हे व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक सॉफ्टवेअर एक्सपीत चढवून, दोन्ही विंडोजना दिसणारा शेअर्ड फोल्डर वापरा. त्याला नेटवर्क कार्ड लागत नाही.


अक्षरजुळारी :

आपणा दोघांचे मनापासून आभार. काय घडले ते क्रमाने सांगतो.

कासव होतेच. महिनाभर ते माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी त्याला व्हर्च्युअलबॉक्सचे बोधचिन्ह समजत होतो. विंडोज फीचर्समधील केवळ ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’वर खूण होती. ती काढून संगणक पुन्हा सुरू केला तरी कासव गेले नाही. मग मेमरी इंटिग्रिटी बंद केली आणि पुन्हा सुरू करताना निळ्या पडद्यावर रिकव्हरी कीची मागणी आली. की लिहून घेण्याचा सल्ला वाचून मी ती दैनंदिनीच्या मागच्या पानावर उतरवली होती, म्हणून निभावले. त्यानंतर कोपऱ्यात ‘व्ही’ आला. पूर्वी एक्सपीचा डेस्कटॉप दिसायला सहा-सात मिनिटे लागत, आता अर्ध्या मिनिटाच्या आत दिसतो.

लॉक २.०वर ओळखले गेले नाही, १.१वर लगेच ओळखले गेले. पेजमेकर सुरू झाले आणि कळफलकही पूर्वीसारखा चालला.

आता नवी अडचण आहे. शेअर्ड फोल्डर एक्सपीत उघडतो, परंतु त्यातील ज्या फोल्डरांना मी विंडोज ११मध्ये मराठी नावे दिली आहेत, त्यांच्या जागी चौकोनांच्या ओळी दिसतात. त्यांच्या आतील फाइल पेजमेकर उघडतही नाही. जुन्या डिस्कवरून उतरवलेल्या, इंग्रजी नावांच्या फाइली उघडतात, पण दोन अंकांच्या फाइलींत शीर्षकांच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा गोंधळ दिसतो. फाइली बिघडल्या असाव्यात का?


शाईवाला :

मी स्वतः डीटीपीतला (संगणकावरील अक्षरजुळणीतला) असल्यामुळे या दोन गोष्टींवर लिहू शकतो.

फाइली बिघडलेल्या नाहीत. आपल्या जुन्या फाँटांत मजकूर साठतो तो रोमन अक्षरांच्याच क्रमांकांनी. त्या क्रमांकांवर मराठी आकार बसवायचे काम फाँट करतो. ज्या शीर्षकांत गोंधळ दिसतो त्यांचा विशिष्ट फाँट नव्या एक्सपीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. लेखांचे फाँट मूळ सीडीतून आले, शीर्षकांसाठी मात्र त्या काळी आपण सगळेच कुठून कुठून सुटे फाँट आणून घालत असू. तुमची जुनी हार्ड डिस्क साटा ते यूएसबी केबलने जोडा, तिच्यातील विंडोज फोल्डरमधला फाँट्स फोल्डर उघडा आणि तिथून हवा तो फाँट उचलून नव्या एक्सपीच्या फाँट्स फोल्डरमध्ये ठेवा. फाइल उघडताना पेजमेकर हरवलेल्या फाँटांची यादी दाखवते. घाईत आपण ती न वाचता ‘ओके’ करतो. ती नावे लिहून घ्या.

चौकोनांचे कारण वेगळे आहे. एक्सपीत युनिकोड देवनागरीची सोय आहे, पण ती आपोआप चढत नाही. कंट्रोल पॅनेलमधील रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये लँग्वेजेस या पानावर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या ओळीवर खूण करावी लागते, आणि ती केल्यावर एक्सपी आपली सीडी मागते. त्यानंतर नावे वाचता येतील. तरी पेजमेकर त्या फाइली उघडेल अशी आशा धरू नका, कारण पेजमेकर हे युनिकोडपूर्व सॉफ्टवेअर आहे आणि फाइलीच्या मार्गात कोठेही देवनागरी आली की ते अडते. शेअर्ड फोल्डरमधील नावे रोमनच ठेवा. शिवाय थेट शेअर्ड फोल्डरमधून फाइल उघडून तिच्यावर काम करू नये. ती एक्सपीच्या आतील डिस्कवर उतरवून घ्यावी आणि काम संपल्यावर परत ठेवावी.

यंत्रविहारींच्या एका सल्ल्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. एका जुन्या सॉफ्टवेअरसाठी अख्ख्या नव्या संगणकाचे संरक्षण उतरवणे मला पटत नाही, विशेषतः ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहारही होत असतील त्याचे. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे व्हर्च्युअलबॉक्ससारखेच सॉफ्टवेअर नोव्हेंबर २०२४पासून व्यावसायिक वापरासाठीही विनामूल्य झाले आहे आणि ते हायपर-व्ही सुरू असतानाही चालते. थोडे संथ होते, पण माझ्याकडे पेजमेकर, लॉक आणि छपाई अशी तिन्ही कामे त्यावर निभतात. दोन्ही करून पाहावे आणि मग ठरवावे.

पुढच्या कामाबद्दल थोडे. लेख पुन्हा छापायचे आहेत म्हणजे तुम्हाला अखेर युनिकोडमध्ये मजकूर हवा असणार. रूपांतराची साधने मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या फाँटांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘किती’मधील पहिली वेलांटी तिथे ‘क’च्या आधी येते, तर युनिकोडमध्ये ‘क’नंतर. ‘कीर्ती’तील रफार तिथे ‘ती’च्या मागून ठेवलेला असतो, युनिकोडमध्ये मात्र ‘र्’ आधी लागतो. शिवाय कित्येक फाँटांत ‘प’ हे एक अक्षर नसून अर्धा ‘प’ आणि काना असे दोन तुकडे असतात. त्यामुळे वेलांटी आणि रफार एकाच शब्दात आले की रूपांतर हमखास चुकते. ‘निर्मिती’, ‘वर्षानिमित्त’, ‘आर्थिक’ असे शब्द आधी शोधून तपासावेत आणि पुरे मुद्रितशोधन केल्याशिवाय पान लावू नये.

जे अंक पुन्हा जुळवायचे नाहीत, केवळ जपायचे आहेत, त्यांची फाँटांसह पीडीएफ आत्ताच करून ठेवा. इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ७च्या फाइली उघडत असत, नंतर ती सोयही गेली.


यंत्रविहारी :

शाईवाला यांचा आक्षेप रास्त आहे. बँकेचे व्यवहार त्याच संगणकावर असतील तर मीही व्हीएमवेअरच निवडेन.

एक गोष्ट राहिली. सगळे चालू लागल्यावर बहुतेक जण ‘स्नॅपशॉट’ (व्हर्च्युअल मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घेतात आणि त्यालाच बॅकअप समजतात. स्नॅपशॉट त्याच एसएसडीवर, मूळ डिस्क-फाइलीच्या आधाराने उभा असतो. मूळ फाइल गेली की तोही गेला. तुमच्या कामासाठी सोपा मार्ग असा की एक्सपी पूर्ण बंद करून त्या व्हर्च्युअल मशीनचा सबंध फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवावा. एक्सपी, पेजमेकर आणि फाँट मिळून तो काही जीबींचाच भरेल. लॉकची मात्र अशी प्रत निघत नाही, तेव्हा ते संगणकाच्या पुढच्या बाजूला, येता-जाता धक्का लागेल अशा जागी लावू नका.


अक्षरजुळारी :

जुन्या डिस्कच्या फाँट्स फोल्डरमध्ये दोन्ही शीर्षकांचे फाँट सापडले. त्यांतील एकाचे नाव पेजमेकरच्या यादीत वाचल्यावर आठवले की तो आम्ही २००६च्या अंकासाठी फ्लॉपीवरून आणला होता. अंक उघडला, शीर्षके जागेवर आली.

बँकेचे व्यवहार याच संगणकावर होतात. त्यामुळे छपाईचे काम आटोपले की व्हीएमवेअर घालून पाहीन आणि मेमरी इंटिग्रिटी पुन्हा सुरू करीन. लॉक मागच्या बाजूच्या पोर्टला लावले आहे आणि त्याच्यावर चिकटपट्टीने ‘काढू नये’ असे लिहून ठेवले आहे.